द कार्डिगन्स : गोड चाली, कडू शब्द आणि सहा अल्बम

मंद्रसप्तक

‘लव्हफूल’ हे गाणे कानावरून गेलेले नाही असा नव्वदच्या दशकातला इंग्रजी गाण्यांचा श्रोता विरळाच. मात्र ते गाणाऱ्या ‘द कार्डिगन्स’ या स्वीडिश बँडने एकूण सहा अल्बम केले आणि त्यांतले शेवटचे तीन या गाण्याशी उघड फारकत घेणारे आहेत, ही गोष्ट फारशी कुणाच्या खिजगणतीत नसते. एका गाण्याचे धनी म्हणून त्यांना निकालात काढणे सोपे आहे आणि ते वारंवार केले जाते. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असे आपण एकमेकांना सांगत असतो. या पाच जणांनी सुमारे बारा वर्षे नेमके तेच केले आणि त्यांचे सर्वांत चांगले काम त्यातूनच झाले, असे माझे मत आहे. धाग्याचा विषय तोच.

बँडची स्थापना 1992 च्या ऑक्टोबरमध्ये योन्शॉपिंग या गावात झाली. व्हेटर्न या प्रचंड सरोवराच्या दक्षिण टोकाला वसलेले हे गाव एकेकाळी आगपेट्यांच्या कारखान्यांसाठी जगभर ओळखले जाई आणि स्वीडनमध्ये आजही ते मुक्त चर्चपंथीयांच्या धार्मिकपणासाठी प्रसिद्ध आहे. गिटारवादक पेटर स्वेनसन आणि बासवादक मॅग्नस स्वेनिंगसन हे दोघे हेवी मेटल वाजवणारे. त्या प्रकारच्या संगीताचा कंटाळा आल्यावर त्यांनी उलट्या टोकाचे, हलके आणि सुरेल पॉप करायचे ठरवले. त्यांना ड्रमवादक बेंग्ट लागरबर्ग आणि कीबोर्ड व गिटार वाजवणारा लासे योहानसन येऊन मिळाले. गायिका नीना पेरसन ही कलाशाळेत शिकणारी मुलगी होती आणि गायनाचा म्हणावा असा अनुभव तिच्या गाठीशी नव्हता. तिच्या आवाजातला तो थोडा अलिप्त, जोर न लावणारा सूर पुढे बँडची ओळख ठरला.

पुढे हे सगळे दक्षिण स्वीडनमधल्या माल्मो शहरात राहायला गेले. तिथल्या टॅम्बोरिन स्टुडिओत टोरे योहानसन या निर्मात्याच्या हाताखाली त्यांचा पहिला अल्बम ‘एमरडेल’ तयार झाला आणि 1994 मध्ये ट्रॅम्पोलिन या लहानशा लेबलकडून प्रसिद्ध झाला. अल्बमचे नाव एका दीर्घकाळ चाललेल्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेवरून घेतलेले होते. याच अल्बमवर ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’चे त्यांनी आपल्या ढंगात गायलेले रूप आहे, आणि ते ऐकताना मूळ गाण्याचा गडगडाट आठवूनही आठवत नाही. पुढच्या वर्षीचा ‘लाइफ’ अधिक झगमगीत होता. साठच्या दशकातले चित्रपटसंगीत, बासरी, ब्रास वाद्ये, मुखपृष्ठावर स्केटिंगच्या पोशाखातली नीना, असा एकूण थाट. जपानमध्ये तो विलक्षण खपला. अमेरिकेत तो 1996 मध्ये शिकागोच्या मिंटी फ्रेश या लेबलने आणला.

त्याच वर्षी ‘फर्स्ट बँड ऑन द मून’ आला. ‘लव्हफूल’ याच अल्बममधले. बाझ लुरमनच्या ‘रोमिओ + ज्युलिएट’ या चित्रपटाच्या संगीतसंचात ते घेतले गेले आणि त्याचे नशीब फळफळले. ब्रिटनमध्ये ते 1997 मध्ये पुन्हा प्रसिद्ध केल्यावर दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. अमेरिकेत ते सुटे एकल म्हणून विक्रीला नव्हते, त्यामुळे तेव्हाच्या नियमांनुसार बिलबोर्डच्या मुख्य शंभराच्या यादीत त्याला प्रवेशच नव्हता. रेडिओवर किती वाजते हे मोजणाऱ्या यादीत मात्र तेही दुसऱ्या क्रमांकावर होते.

आता हे गाणे जरा जवळून पाहू. कडवे ए मायनर या उदास छटेच्या स्वरसंगतीत सुरू होते आणि डी मायनर, जी, सी असे चार-चार स्वरांच्या उड्या घेत पुढे सरकते. ही जुन्या जॅझ गाण्यांतली, अगदी वहिवाटीची स्वरसंगती आहे. ध्रुवपद आले की मायनर बाजूला पडतो, ए मेजर येतो आणि खोलीतले सगळे दिवे लागल्यासारखे वाटते. आणि नेमक्या या उजेडात गाणारी काय मागते? प्रेम नसले तरी चालेल, असल्याचे सोंग कर आणि मला फसव. कडव्यात तिला वस्तुस्थिती ठाऊक आहे म्हणून ते उदास आहे, ध्रुवपदात तिने स्वतःची फसवणूक पत्करली आहे म्हणून ते आनंदी आहे. मूळ चाल याहून संथ, बोसानोव्हा या ब्राझिली संगीतप्रकाराच्या अंगाने जाणारी होती आणि लागरबर्गने तिला डिस्कोचा ठेका दिला, असे बँडनेच सांगितलेले आहे. तो ठेका नसता तर शब्दांचा कडूपणा कुणाच्याही नजरेतून सुटला नसता, आणि मग गाणे इतके खपलेही नसते.

यानंतर कोणत्याही शहाण्या माणसाने ‘लव्हफूल’ची आणखी चार भावंडे काढली असती. त्यांनी 1998 मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो’ काढला. त्यात बासरी नाही, ब्रास नाही. संगणकावर कापून जोडलेले थंड ठेके आहेत, भरडलेला गिटारचा आवाज आहे आणि पहिल्याच गाण्याचे नाव ‘पॅरलाइज्ड’ आहे. त्यातल्या ‘माय फेव्हरिट गेम’ची योनास ऑकर्लुंडने केलेली चित्रफीत अनेकांना आठवत असेल: वाळवंटातला सरळ रस्ता, बेदरकार मोटार हाकणारी नीना, अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवलेला दगड आणि मागे पडत जाणारे अपघात. एमटीव्हीने ती काटछाट करून दाखवली आणि तिच्या शेवटाच्याही वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या.

‘ग्रॅन टुरिस्मो’नंतर बँड थांबला. 2003 च्या ‘लाँग गॉन बिफोर डेलाइट’मध्ये संगणकही गेला आणि त्याच्या जागी अमेरिकी कंट्री संगीताकडे झुकणारी, संथ आणि मोकळी गाणी आली. 2005 चा ‘सुपर एक्स्ट्रा ग्रॅव्हिटी’ पुन्हा काटेरी झाला. त्यानंतर नवा अल्बम नाही. जाणकारांनी आपापली मते मांडावीत.


केळफूल

लेख आवडला, तरी एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. ‘ग्रॅन टुरिस्मो’ला आपण यशाकडे फिरवलेली पाठ म्हणता, मला त्यात काळाच्या ओघात वाहणे दिसते. पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम 1994 चा, गार्बेज या दुसऱ्या बँडचा 1995 चा. 1998 पर्यंत थंड ठेके, भरडलेले गिटार आणि त्यावर न पेटणारा स्त्रीस्वर हे मिश्रण इतके रुळले होते की त्यात धाडस उरले नव्हते. उलट 1995 मध्ये, ब्रिटनमध्ये गिटारवाल्या तरुणांचा आणि अमेरिकेत ग्रंज या कर्कश, उदास रॉकनंतरच्या खिन्नतेचा काळ चालू असताना, हसतमुखाने बासरी वाजवणारा ‘लाइफ’ काढणे हेच प्रवाहाविरुद्ध पोहणे होते. ‘ग्रॅन टुरिस्मो’ खपलाही चांगला. ‘इरेज/रिवाइंड’ ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेले, ‘माय फेव्हरिट गेम’ प्लेस्टेशनच्या ‘ग्रॅन टुरिस्मो 2’ या मोटारींच्या खेळात घेतले गेले. पाठ फिरवून कुणी एवढे कमावत नाही.

दुसरे असे की ब्लॅक सॅबथच्या गाण्यांची त्यांनी केलेली रूपे मला नेहमीच थट्टेसारखी वाटली. मेटल ऐकणाऱ्यांना चिमटा काढायचा आणि कॅफेत बसलेल्यांना गुदगुल्या करायच्या, यापलीकडे त्यात काही आहे का?


टेपरेकॉर्डर

निर्मितीच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण या बँडच्या कारकिर्दीतला सहावा माणूस टोरे योहानसन आहे आणि त्याच्याविषयी पुरेसे लिहिले जात नाही.

टॅम्बोरिन हा स्टुडिओ माल्मोमध्ये 1991 मध्ये योहानसन आणि ‘एगस्टोन’ या बँडच्या मंडळींनी मिळून उभारला. ‘एमरडेल’ आणि ‘लाइफ’ हेडफोन लावून ऐकावेत. ड्रमचा आवाज कोरडा आणि आखूड आहे, त्याला घुमारा जवळजवळ नाही. स्नेअर या छोट्या ड्रमवर काठी पडते आणि तो आवाज तिथल्या तिथे संपतो. ऐंशीच्या दशकात ड्रमवर कृत्रिम घुमारा चढवण्याची जी टूम होती तिच्या हे अगदी विरुद्ध आहे. ड्रम इतका कमी जागा व्यापतो म्हणूनच बासरी, व्हायब्राफोन आणि नीनाचा न वाढवलेला आवाज एकमेकांना न ढकलता नांदतात. बासही लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. मेटल वाजवून आलेला स्वेनिंगसन इथे साठच्या दशकातल्या सोल गाण्यांसारखा फिरता, गुणगुणता येईल असा बास वाजवतो.

या आवाजाची कीर्ती पसरली आणि लोक माल्मोची वाट धरू लागले. जपानी गायिका-अभिनेत्री तोमोयो हारादा आणि बॉनी पिंक यांनी टोरे योहानसनबरोबर अल्बम केले. ब्रिटनच्या सेंट एटिएनने 1998 चा ‘गुड ह्यूमर’ तिथे जाऊन केला. पुढे फ्रान्झ फर्डिनांड या स्कॉटिश रॉक बँडचा 2004 मध्ये आलेला पहिला अल्बमही योहानसननेच माल्मोत ध्वनिमुद्रित केला, आणि त्यातल्या ड्रमचा कोरडेपणा ज्यांनी ‘लाइफ’ ऐकला आहे त्यांना ओळखीचा वाटेल.

केळफूल यांच्या आक्षेपाबद्दल: ‘ग्रॅन टुरिस्मो’चे साहित्य काळाचे आहे, हे मान्य. पण तो आवाज या लोकांनी आयता उचललेला नाही. ज्या निर्मात्याने जुन्या यंत्रांवर आपले नाव कमावले त्याच निर्मात्याबरोबर, त्याच वादकांनी, आपलेच वादन संगणकात घालून त्याचे तुकडे केले. ‘इरेज/रिवाइंड’मधला बास ऐका, खाली तो अजूनही ‘लाइफ’मधलाच, चालता-फिरता बास आहे. वरचे छप्पर काढून टाकले, पाया तोच ठेवला.


चौकस

दोन साधे प्रश्न. गीते कोण लिहीत असे? आणि चाली जर स्वेनसनच्या असतील, तर मूळ धाग्यात बँडच्या वळणांचे श्रेय एकगठ्ठा ‘पाच जणांना’ का दिले आहे?


मंद्रसप्तक

चौकस यांचा प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

चाली आरंभापासून प्रामुख्याने पेटर स्वेनसनच्या. शब्द मात्र हात बदलत गेले. पहिल्या दोन अल्बमवर स्वेनिंगसन आणि स्वेनसन यांचा वाटा मोठा आहे आणि त्या गीतांत सहली, बागेतल्या मेजवान्या, मोटारीतले प्रवास असा चित्रमय ऐवज जास्त आढळतो. ‘फर्स्ट बँड ऑन द मून’पासून नीना पेरसनची लेखणी पुढे येते आणि ‘ग्रॅन टुरिस्मो’पासून शब्द जवळजवळ तिचेच होतात. बँडचे प्रत्येक वळण या हस्तांतराच्या शेजारी ठेवून पाहा. स्वेनसनचे कान शेवटपर्यंत पक्क्या, घासूनपुसून लखलखीत केलेल्या चालींकडेच होते. त्या चालींत काय भरायचे हे ठरवणारी व्यक्ती बदलली, आणि ती वयाने व अनुभवाने मोठी होत गेली. ‘लव्हफूल’मधली अडचणीत सापडलेली मुलगी ‘लाँग गॉन बिफोर डेलाइट’मध्ये संसार, दारू, मार आणि माफी यांविषयी बोलू लागते.

त्या अल्बममधले ‘अँड देन यू किस्ड मी’ घ्या. नाव वाचून वाटते की हे साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनसंघांसारखे एखादे लाजरे प्रेमगीत असणार. गाणे सुरू होते ते काळ्यानिळ्या वळांपासून आणि न सुटणाऱ्या रक्ताच्या डागांपासून. चुंबन येते ते त्यानंतर, आणि ते आले म्हणून हायसे वाटावे की धसका बसावा हे गाणे ठरवून देत नाही. चाल रुंद, उबदार, सोबत गुणगुणावी अशी आहे. ‘लव्हफूल’मध्ये जे ठेक्याने केले होते तेच इथे चालीच्या उबेने केले आहे. फरक एवढाच की 1996 मध्ये श्रोता फसू शकत होता, 2003 मध्ये त्याला ती मुभा ठेवलेली नाही. दोन वर्षांनी ‘सुपर एक्स्ट्रा ग्रॅव्हिटी’त या गाण्याचा दुसरा भाग येतो, यावरून लिहिणारीच्या मनातून तो विषय गेला नव्हता हे उघड आहे. त्याच अल्बमवरचे लांबलचक नावाचे ‘आय नीड सम फाइन वाइन अँड यू, यू नीड टू बी नाइसर’ हे गाणे तर कुत्र्याला द्याव्यात तशा हुकमांनी सुरू होते: बस, थांब, लोळ. हुकूम सोडणारी बाई आहे आणि तिला स्वतःचीही कीव येते आहे. विनोद आणि जखम यांचे असे मिश्रण मला त्या काळच्या रॉकमध्ये फार थोड्या ठिकाणी सापडते.

केळफूल यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल. ब्लॅक सॅबथच्याच ‘आयर्न मॅन’चे कार्डिगन्सने केलेले रूप ऐकून हसू येते, ते येऊ द्यावे. परंतु ब्लॅक सॅबथची मूळ गाणी आवाजाचे ओझे उतरवून पाहिली तर ती विलक्षण उदास आहेत. ‘आयर्न मॅन’ ही जगाला वाचवू पाहणाऱ्या आणि जगाने झिडकारलेल्या माणसाची कथा आहे. नीनाने ती कुजबुजत म्हटल्यावर तो एकटेपणा उघडा पडतो. ज्यांनी ती गाणी लहानपणी पाठ केली होती त्यांनीच हे केले, म्हणून मला त्यात थट्टेपेक्षा जिव्हाळा अधिक दिसतो. ‘लाइफ’ हे प्रवाहाविरुद्ध पोहणे होते, हा आपला मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो आणि तो माझ्या म्हणण्याला पूरकच आहे.


उत्तरायण

काही वर्षांपासून माल्मोत राहतो, त्यामुळे इथून हे कसे दिसते ते लिहितो.

स्वीडनमध्ये त्यांची गणना एका गाण्याचा बँड अशी होत नाही. ‘लाँग गॉन बिफोर डेलाइट’ इथे पहिल्या क्रमांकावर गेला होता, आणि माझ्या वयाच्या स्वीडिश सहकाऱ्यांशी बोलताना ‘कार्डिगन्स’ म्हटले की पहिल्यांदा त्या अल्बममधले ‘फॉर व्हॉट इट्स वर्थ’ निघते. प्रेमाची कबुली देऊन टाकल्यावर लगेच ओशाळलेल्या माणसाचे ते गाणे स्वीडिश संकोची स्वभावाला फार जवळचे असावे. या अल्बमची जुळणीही सहज झाली नव्हती. आरंभ टोरे योहानसनबरोबर झाला, पण जे निघाले त्यावर बँडचे समाधान झाले नाही, तेव्हा एगस्टोनच्याच पेर सुंडिंगला बोलावून काम पुढे नेले. पार्श्वगायनात द हाइव्ह्जचा पेल्ले आल्मक्विस्ट आणि द साउंडट्रॅक ऑफ अवर लाइव्ह्जचा एब्बोट लुंडबेरी यांचेही आवाज आहेत. ते रंगमंचावर किती धुमाकूळ घालतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी त्यांना इथे इतक्या शहाण्यासारखे गाताना जरूर ऐकावे.

एक तुलना सुचवतो. त्याच पिढीतला एस्किल्स्टुना गावचा ‘केंट’ हा बँड स्वीडिशमध्ये गात असे. त्यांनी ‘इसोला’ आणि ‘हाग्नेस्टा हिल’ या दोन अल्बमच्या इंग्रजी आवृत्त्या काढून पाहिल्या, परदेशात म्हणावे तसे पाऊल रोवले गेले नाही, तेव्हा ते मुकाट्याने स्वीडिशकडे परतले आणि 2016 मध्ये बँड विसर्जित करेपर्यंत मायदेशातले सर्वांत मोठे नाव राहिले. कार्डिगन्सने पहिल्या दिवसापासून इंग्रजीत गायले आणि त्यांचे उलट झाले: बाहेर एका गाण्यापुरते नाव राहिले, बाकीचे सगळे घरच्यांनी जपले. स्वेनसन आणि केंटचा गायक योआकिम बेर्य यांनी 1998 मध्ये ‘पाउस’ नावाने एकत्र एक अल्बमही केला होता. तो स्वीडिशमध्ये आहे आणि स्वेनसनच्या चालींना दुसऱ्या भाषेचे शब्द कसे शोभतात हे त्यात ऐकायला मिळते.


केळफूल

‘अँड देन यू किस्ड मी’ आज पुन्हा ऐकले. तो मुद्दा मान्य. ‘ग्रॅन टुरिस्मो’विषयीचे माझे मत कायम आहे, विशेषतः त्याचा मधला भाग मला एकसुरी वाटतो. पण मग मूळ प्रश्न उरतोच: 2005 नंतर काय झाले? भांडण झाले की उमेद संपली?


मंद्रसप्तक

जाहीर भांडण झाल्याचे कुठेही नाही, आणि औपचारिक विसर्जनही झालेले नाही. 2006 मध्ये दौरा संपल्यावर सगळे आपापल्या वाटेला लागले. नीनाचा ‘ए कॅम्प’ हा वेगळा बँड आधीपासून होता. त्याचा 2001 चा पहिला अल्बम स्पार्कलहॉर्स या अमेरिकी बँडच्या मार्क लिंकसच्या साहाय्याने झाला होता आणि कंट्रीकडचा जो कल ‘लाँग गॉन’मध्ये दिसतो त्याची पूर्वतयारी मला त्यातच दिसते. ए कॅम्पचा दुसरा अल्बम 2009 मध्ये, तर तिच्या स्वतःच्या नावाने ‘अ‍ॅनिमल हार्ट’ 2014 मध्ये आला. 2023 मध्ये स्कॉटिश गायक-गीतकार जेम्स यॉर्कस्टनबरोबरचा अल्बमही आहे आणि तो सावकाश मुरणारा आहे.

स्वेनसनची वाट अधिक बोलकी आहे. तो इतरांसाठी गाणी रचू लागला. आरियाना ग्रांडे आणि द वीकेंड यांचे ‘लव्ह मी हार्डर’ आणि द वीकेंडचे ‘कान्ट फील माय फेस’ यांच्या रचनाकारांत त्याचे नाव आहे. म्हणजे ज्या माणसाचे कान पक्क्या चालीकडे होते तो पक्क्या चालींच्या जागतिक बाजारात गेला, आणि जिची लेखणी कडू होत गेली होती ती लहान, शांत अल्बमांकडे गेली. केळफूल यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर यात आहे. या दोन ओढी एकाच गाण्यात बांधल्या गेल्या होत्या तोवर हा बँड होता, आणि त्या सुटल्यावर भांडायला निमित्तही लागले नाही.

2012 मध्ये स्वीडनमधल्या हुल्ट्सफ्रेड संगीत महोत्सवासाठी ते पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी संपूर्ण ‘ग्रॅन टुरिस्मो’ वाजवला. स्वेनसनने मात्र त्यात भाग घेतला नाही. त्याच्या जागी ऑस्कर हुमलेबो गिटार वाजवतो. तेव्हापासून अधूनमधून त्यांचे कार्यक्रम होत असतात, 2018 मध्ये त्याच अल्बमच्या विसाव्या वर्षानिमित्त ब्रिटनचा दौराही झाला, पण नवी गाणी नाहीत. चाली रचणारा नसताना नवा अल्बम न काढणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.


टेपरेकॉर्डर

ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांनी 2008 च्या निवडक गाण्यांच्या संचापासून करू नये, असे सुचवीन. त्यात गाणी एकामागून एक येतात आणि दोन अल्बमांमधली दरी कळत नाही. ‘लाइफ’ आणि ‘लाँग गॉन बिफोर डेलाइट’ लागोपाठ ऐकावेत. ‘लाइफ’ घेताना एक काळजी घ्यावी: ब्रिटन-अमेरिकेत निघालेल्या आवृत्त्यांत ‘एमरडेल’मधली काही गाणी मिसळलेली आहेत आणि क्रमही वेगळा आहे, त्यामुळे मूळ स्वीडिश आवृत्तीची गीतसूची समोर ठेवून ऐकणे बरे.


चौकस

मूळ आवृत्ती मिळाली. ‘कार्निव्हल’ ऐकतो आहे. बासविषयी टेपरेकॉर्डर यांनी लिहिले ते लगेच पटले. ड्रमचे समजायला मला चांगले हेडफोन घ्यावे लागतील.